हजेरी दोन देशांची

आपल्या हॉस्टेलमध्ये अमेरिकेबद्दल जेवढं बोललं जातं, तेवढं बहुधा अमेरिकेतसुद्धा बोललं जात नसेल! जीआरईचा स्कोअर किती लागतो, एसओपी कोणाकडून तपासून घ्यावा, व्हिसाच्या इंटरव्ह्यूला कोणत्या रंगाचा शर्ट घालावा, प्रेशर कुकर तीन लिटरचा न्यावा की पाच लिटरचा... यातल्या प्रत्येक विषयावर मेसमध्ये एक तरी तज्ज्ञ सापडतोच. पण "तिथे गेल्यावर टॅक्स कुठे भरायचा, इथे की तिथे?" असं विचारलं की सगळे एकदम भाजीत तोंड घालतात. शेवटी कोणीतरी म्हणतं, "अगं, आधी जाऊ तर दे!"

मित्रमैत्रिणींनो, खरी गोम इथेच आहे. हा विषय गेल्यावर सुरू होत नाही. ज्या दिवशी आपण विमानात बसतो त्याच दिवशी तो सुरू झालेला असतो, फक्त आपल्याला कोणी सांगितलेलं नसतं.

मी स्वतः अजून कुठेच गेलेले नाही. माझी या विषयाशी ओळख झाली ती दादामुळे. दादा ऑगस्ट २०१९ मध्ये एम.एस. करायला टेक्सासला गेला, शिकला, तिथेच नोकरीला लागला. मी तेव्हा आठवीत होते. घरात मीच एक कॉन्व्हेंटमधली, त्यामुळे इंग्रजीत काही जाडजूड आलं की ते वाचून मराठीत सांगायचं खातं आपोआप माझ्याकडे! आधी मिक्सरची वॉरंटी, मग एलआयसीची पत्रं, आणि नंतर चक्क अमेरिकेच्या आयआरएसचे, म्हणजे तिथल्या आयकर खात्याचे फॉर्म. मराठी विभागासाठी टॅक्सवर लिहितेय म्हटल्यावर माझी रूममेट म्हणाली, "कविता सुचत नाही का?" सुचतात. पण कवितेवाचून कोणाचं अडत नाही, या माहितीवाचून अडतं.

पहिल्याच फॉर्मवर आमची गाडी अडली. त्यात दादाचं वर्णन होतं, 'नॉनरेसिडेंट एलियन'. मी मोठ्याने वाचलं आणि आई म्हणाली, "एलियन म्हणजे तो सिनेमातला, हिरवा?" तिला समजावलं की तिथल्या कायद्यात जो नागरिक नाही तो एलियन, आणि नॉनरेसिडेंट म्हणजे तिथला रहिवासी नसलेला. आता आईचा प्रश्न आणखी अवघड झाला. "पण तो तर तिथेच राहतोय ना? मग रहिवासी कसा नाही?"

आईचा हा प्रश्न बिनतोड होता. त्याचं उत्तर शोधताना एक गोष्ट कळली. कायद्यातला रहिवासी आणि आपल्या बोलण्यातला रहिवासी हे दोन वेगळे प्राणी आहेत. टॅक्सच्या बाबतीत पासपोर्ट कोणता, मन कुठे रमतं, सणाला कुठल्या घरी जातो हे काही मोजलं जात नाही. मोजले जातात दिवस. सोप्या भाषेत सांगायचं तर हजेरी! आणि हजेरी म्हणजे काय ते आपल्याला वेगळं सांगायला नको. पंचाहत्तर टक्के, डिफॉल्टर लिस्ट, एचओडी सरांसमोर पालकांना घेऊन या... फरक एवढाच की इथे हजेरी दोन देश घेतात, दोघांचे नियम वेगळे, दोघांचं वर्षसुद्धा वेगळं. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, त्यांचं जानेवारी ते डिसेंबर. आणि प्रॉक्सी कुठेच चालत नाही.

आधी आपला देश बघू. १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम ६ सांगतं की एका आर्थिक वर्षात १८२ किंवा त्याहून जास्त दिवस भारतात असाल तर तुम्ही रेसिडेंट. हा नियम बऱ्याच जणांना माहीत असतो. दुसरा अर्धा भाग मात्र कोणी सांगत नाही. त्या वर्षात ६० दिवस आणि त्याआधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस इथे असाल, तरीही रेसिडेंटच. आपण सगळे जन्मापासून इथेच, त्यामुळे ३६५ ची अट तर सहज पूर्ण. राहिले ६० दिवस. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला त्या वर्षापुरते ६० ऐवजी १८२ दिवस मिळतात. पण त्या सवलतीत शिक्षणासाठी जाणाऱ्याचा उल्लेख नाही! दादा ८ ऑगस्टला निघाला. १ एप्रिलपासून मोजा: ३०, ३१, ३०, ३१ आणि ८, म्हणजे १३० दिवस. साठच्या कितीतरी वर. म्हणजे २०१९-२० या संपूर्ण वर्षासाठी, टेक्सासमध्ये बसलेला असूनही, दादा भारताचा रेसिडेंट. २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे. त्यात 'असेसमेंट इयर'ऐवजी सरळ 'टॅक्स इयर' आलंय, पण दिवस मोजायची ही रीत कायम आहे. म्हणजे ऑगस्टमध्ये जाणाऱ्या आपल्यापैकी जवळपास प्रत्येकाला ही लागू पडणार.

याचा परिणाम काय? रेसिडेंट माणसाचं जगभरातलं उत्पन्न भारतात मोजलं जातं. दादाला जानेवारी २०२० पासून टीचिंग असिस्टंटचे पैसे मिळायला लागले होते, ते मार्चपर्यंतचे यात आले. रक्कम लहान होती, कर काही बसला नाही. पण आमचे सीए काका म्हणाले, कर नाही म्हणजे रिटर्न नाही असं नव्हे. रेसिडेंट आहे आणि परदेशात बँक खातं आहे, मग रिटर्न भरायचंच, तेही आयटीआर-२, आणि शेड्यूल एफएमध्ये ते खातं दाखवायचं. परदेशातली मालमत्ता लपवली तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो हे ऐकल्यावर बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. ज्या खात्याबद्दल ही चर्चा चालली होती त्यात तेव्हा जेमतेम आठशे डॉलर होते! लहान रकमांना दंडातून सूट आहे, १ ऑक्टोबर २०२४ पासून तर स्थावर सोडून एकूण २० लाखांपर्यंत. पण दंडातून सूट म्हणजे दाखवण्यातून सूट नाही, हे काकांनी दोनदा सांगितलं.

आता गंमत ऐका. आयकर खात्याच्या हिशेबी दादा त्या वर्षी रेसिडेंट, पण बँकेच्या हिशेबी तो निघाला त्या दिवसापासूनच एनआरआय! कारण बँका परकीय चलनाच्या कायद्याने, म्हणजे फेमाने चालतात, आणि रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २००३ मध्येच सांगून ठेवलंय की शिकायला बाहेर गेलेला विद्यार्थी अनिवासी धरायचा. त्यामुळे दादाचं साधं सेव्हिंग खातं एनआरओ करून घ्यावं लागलं. एकच माणूस, एकच तारीख, एकाच देशाचे दोन कायदे आणि दोन उत्तरं. व्हायव्हाला असं उत्तर दिलं तर एक्स्टर्नल हाकलून देईल!

तिकडे अमेरिकेचं गणित वेगळं. त्यांच्या चाचणीचं नाव 'सब्स्टॅन्शिअल प्रेझेन्स टेस्ट'. चालू वर्षाचे सगळे दिवस, गेल्या वर्षीच्या दिवसांचा एक तृतीयांश, त्याच्या आधीच्या वर्षाचा एक षष्ठांश, यांची बेरीज करायची. ती १८३ झाली आणि चालू वर्षात निदान ३१ दिवस भरले, तर तुम्ही तिथले टॅक्स रेसिडेंट. कोणी तीन वर्षं दरसाल १२० दिवस राहिला तर १२० अधिक ४० अधिक २०, म्हणजे १८०. तीन दिवसांनी वाचला! आपल्या इंटर्नलच्या वेटेजसारखंच आहे, घाबरायचं कारण नाही.

आणि आता आईच्या प्रश्नाचं उत्तर. एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याचे पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांतले दिवस या बेरजेत धरतच नाहीत. दादा वर्गात रोज हजर, पण मस्टरवर रोज शून्य! म्हणून तिथे राहूनही तो तिथला रहिवासी नाही. यात एक बारकावा आहे. वर्षातला एक दिवस जरी तिथे काढला तरी ते अख्खं कॅलेंडर वर्ष पाचात धरलं जातं. दादाचं २०१९ साल ऑगस्टपासून सुरू झालं, तरी ते एक पूर्ण वर्ष गेलं. पाच वर्षं म्हणजे २०१९ ते २०२३. त्याच्याबरोबर पीएचडीला गेलेला त्याचा एक मित्र २०२४ मध्ये विद्यार्थी असूनही टॅक्स रेसिडेंट झाला, तो याच नियमामुळे.

अशा विद्यार्थ्याला आयआरएस म्हणतं 'एक्झेम्प्ट इंडिव्हिज्युअल'. आणि इथेच आपली मुलं घसरतात. एक्झेम्प्ट म्हणजे टॅक्स माफ, असा सोयीस्कर अर्थ लावून मोकळे होतात. अहो, माफी दिवस मोजण्यापासून आहे, टॅक्सपासून नाही! हजेरीतून सूट मिळालेल्या स्पोर्ट्सवाल्या मुलाला सबमिशनमधूनही सूट मिळते का? तसंच हे. तिथे कमावलेल्या पैशांवर नॉनरेसिडेंटलाही कर आहेच, फक्त तो तिथल्या कमाईपुरता. भारतातल्या उत्पन्नाशी त्या टप्प्यावर अमेरिकेला देणंघेणं नसतं.

आणि कमाई शून्य असेल तर? तरीही फॉर्म ८८४३ भरायचा असतो. मी या या व्हिसावर या या कॉलेजात आहे, म्हणून माझे दिवस धरू नका, असं सांगणारा हा साधा फॉर्म. उत्पन्न नसेल तर एरवी त्याची मुदत १५ जून, उत्पन्न असेल तर रिटर्नबरोबर १५ एप्रिल. एक पैसा भरायचा नसतो, म्हणूनच तो विसरला जातो. दादा मात्र दरवर्षी भरायचा आणि त्याची कॉपी मला पाठवायचा. "घरी एक असू दे," म्हणायचा. त्या सगळ्या कॉपी बाबांच्या निळ्या फाइलमध्ये रेशनकार्डाच्या झेरॉक्सशेजारी आहेत.

कोणतं रिटर्न भरायचं यातही मेख आहे. नॉनरेसिडेंटसाठी १०४०-एनआर, रेसिडेंटसाठी नुसतं १०४०. दादाच्या एका वर्गमित्राने ऑनलाइन मिळणाऱ्या एका नेहमीच्या सॉफ्टवेअरवर पाच मिनिटांत नुसतं १०४० भरून टाकलं. पुढे २०२० मध्ये कोविडची मदत म्हणून अमेरिकन सरकारने लोकांना बाराशे डॉलर वाटले, तेव्हा ते त्याच्याही खात्यात आले. नॉनरेसिडेंटचा त्यावर हक्क नव्हता. पण आयआरएसच्या कागदांनुसार तो रेसिडेंट होता ना, त्यानेच तसं लिहून दिलं होतं! आधी पार्टी झाली, मग डोकं खाजवणं झालं, मग पैसे परत करणं आणि दुरुस्तीचं रिटर्न. असं त्याच्या एकट्याचंच झालं नव्हतं. बाराशे डॉलर गेले याचं त्याला फार वाटलं नाही. व्हिसाच्या पुढच्या टप्प्यावर, खोटी माहिती दिली का, असं कोणी विचारेल या भीतीने त्याच्या कित्येक रात्री गेल्या. लक्षात घ्या, परक्या देशात आपली ओळख म्हणजे आपले कागद. तिथे आपल्याला लहानपणापासून ओळखणारे कोपऱ्यावरचे किराणावाले काका नसतात.

एका बाबतीत मात्र आपण भारतीय नशीबवान आहोत. नॉनरेसिडेंटला एरवी स्टँडर्ड डिडक्शन मिळत नाही. पण १९८९ साली भारत आणि अमेरिकेत झालेल्या कर करारातल्या कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्यांना ते मिळतं. २०२१ मध्ये ते १२,५५० डॉलर होतं, २०२५ साठी १५,७५० आहे. तेवढ्या कमाईवर केंद्राचा आयकर नाही. दादाचा चिनी रूममेट हे ऐकून हळहळला, कारण त्यांच्या करारात विद्यार्थ्याच्या पगारातले फक्त ५,००० डॉलर सुटतात. आपल्या जन्माआधी कोणा अधिकाऱ्यांनी बसून लिहिलेल्या एका कलमाने २०२१ मध्ये दादाचे दीड हजाराहून जास्त डॉलर वाचवले. टेक्सासमध्ये राज्याचा वेगळा आयकर नाही, हे आणखी एक सुख. सगळ्या राज्यांत तसं नसतं. कॅलिफोर्निया तर हा करारच आपल्या करासाठी मानत नाही. युनिव्हर्सिटी निवडताना हेही बघा!

मे २०२१ मध्ये दादाची डिग्री झाली आणि जूनपासून ओपीटीवर नोकरी लागली. ओपीटी म्हणजे शिक्षणानंतर बारा महिने काम करायची परवानगी. आपल्यासारख्या स्टेमवाल्यांना वर चोवीस महिने. पहिला पगार सहा हजार डॉलर, आईने देवापुढे साखर ठेवली. पण पगाराच्या स्लिपवर ४५९ डॉलर कापलेले. नाव फायका, म्हणजे तिथली सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर मिळून ७.६५ टक्के. एफ-१ वर असेपर्यंत आणि नॉनरेसिडेंट असेपर्यंत हे कापायचंच नसतं, ओपीटीवर असला तरी! तीन महिन्यांचे १,३७७ डॉलर झाले, तेव्हाच्या दराने लाखभर रुपये. घरावर शैक्षणिक कर्ज, हप्ता बाबांच्या पगारातून, आणि इकडे हे पैसे नाहक चाललेले. दादाने पेरोलला नियम दाखवून मेल केला आणि त्यांनी ते परत केले. त्यांनी नाही म्हटलं असतं तर फॉर्म ८४३ आणि ८३१६ भरून आयआरएसकडे मागता आले असते. ज्याला नियम माहीत होता तो बोलू शकला. त्याच कंपनीत दोघे भारतीय वर्षभर गप्प कापून घेत होते. त्यांना वाटलं, सरकार कापतंय म्हणजे बरोबरच असणार.

मग लॉटरीत नाव लागून १ ऑक्टोबर २०२२ पासून दादा एच-१बीवर गेला. त्या दिवसापासून त्याची हजेरी मस्टरवर लागायला लागली, आणि फायकाही खरोखरचा सुरू झाला. हे पैसे पुढे मिळतील का? तिथलं पेन्शन मिळायला साधारण दहा वर्षं काम लागतं, आणि दोन्ही देशांतली वर्षं एकत्र धरण्याचा करार भारत आणि अमेरिकेत झालेला नाही. त्याआधी परत आलात तर भरलेले तिथेच राहतात. परत यायचं की नाही या प्रश्नाला अशी एक किंमतसुद्धा असते.

ऑक्टोबर ते डिसेंबर किती दिवस? ३१, ३०, ३१, म्हणजे ९२. एकशे त्र्याऐंशीच्या निम्मे. म्हणून २०२२ साठीही तो नॉनरेसिडेंटच राहिला. पण १ जानेवारी २०२३ उजाडला आणि वर्षाच्या हिशेबात दादा अमेरिकेचा रेसिडेंट एलियन झाला. कुठे शपथ नाही, शिक्का नाही, पत्र नाही. आम्ही घरी त्या दिवशी नेहमीसारखी इडली केली होती. पण त्या तारखेपासून त्याचं जगभरातलं उत्पन्न अमेरिकेच्या कक्षेत आलं होतं. बाबांनी त्याच्या नावाने सुरू केलेली म्युच्युअल फंडाची एसआयपी त्याने २०२२ संपायच्या आत विकून टाकली होती, कारण अमेरिकेच्या रेसिडेंटकडे असलेल्या भारतीय फंडांवर तिथे वेगळे, कडक नियम लागतात आणि त्यांचा फॉर्म ८६२१ पाहून भले भले हात टेकतात. फंड विकून झाला. आईच्या एफडींचं मात्र कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

आईने वीस वर्षं घरी शिकवण्या घेतल्या. गणित आणि विज्ञान, पाचवी ते दहावी. त्यातून साठवलेल्या तीन एफडी, एकूण ९ लाख ४० हजार. त्यातलीच एक माझ्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी. तिन्हींवर दुसरं नाव दादाचं, तो अठराचा झाला तेव्हा घातलेलं. २०२४ च्या मार्चमध्ये, माझी बारावीची परीक्षा संपली तेव्हा, दादाचा फोन आला. "माझं नाव असलेली सगळी खाती, आणि २०२३ मध्ये त्यात जास्तीत जास्त किती रक्कम होती, ते पाठव."

अमेरिकेच्या रेसिडेंटची देशाबाहेरच्या खात्यांमधली एकूण रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर तो एफबार नावाचा अहवाल तिथल्या अर्थखात्याला द्यावा लागतो. २०२३ च्या शेवटी डॉलर साधारण ८३ रुपये होता, म्हणजे मर्यादा सुमारे ८ लाख ३० हजार. आणि संयुक्त खात्यात अर्धी रक्कम नाही, पूर्ण रक्कम धरायची.

आई गप्प झाली. मग म्हणाली, "माझ्या शिकवण्यांचे पैसे. त्याने ते त्या सरकारला का सांगायचे?" बाबांनी सुचवलं, दादाचं नाव काढून टाकू, प्रश्नच मिटला. तर ती एकदम उसळली. "नाव काढायचं नाही. उद्या मला काही झालं तर हिची फी कोण भरणार?" त्या रात्री जेवणं झाली ती न बोलता. मला एका बाजूला ती बरोबर वाटत होती, दुसऱ्या बाजूला दादा एकटा तिकडे मुदत मोजत बसलेला दिसत होता. शिवाय चर्चा ज्या पैशांची होती ते माझ्या फीचे होते, त्यामुळे मला मध्ये बोलवेना.

दुसऱ्या दिवशी मी एफबारच्या सूचना छापून आणल्या आणि आईजवळ बसून एकेक ओळ मराठीत सांगितली. हा टॅक्स नाही, नुसती माहिती आहे. पैसा तिचा, व्याज तिचं, त्यावरचा कर ती भारतात भरते तोच. मुदत १५ एप्रिल, पण चुकली तर आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते. मात्र अहवाल दिलाच नाही तर मुद्दाम न करताही दहा हजार डॉलरहून जास्त दंड होऊ शकतो. दंड दर खात्यामागे की दर अहवालामागे यावर तिथे मोठा खटला चालला होता. बिट्नर नावाच्या गृहस्थाच्या २७२ खात्यांसाठी सरकारने २७ लाख २० हजार डॉलर मागितले होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मुद्दाम केलेलं नसेल तर दंड अहवालामागे, खात्यामागे नाही. रक्कम ५० हजारांवर आली. आईने सगळं ऐकून घेतलं. शिकवणीत एखादा पोरगा बरोबर रीत मांडतो तेव्हा ती जसं बघते, तसं बघत होती. मग उठली, कपाटातून तिन्ही पावत्या काढल्या आणि म्हणाली, "नंबर नीट लिही. शून्य आणि सहा सारखे दिसतात तुझे."

बँकेलाही दादा अनिवासी झाल्याचं कळवलं. दादाचं नाव पावत्यांवर तसंच राहिलं आणि दादाने एफबार वेळेत भरला. घडलं ते एवढंच. पण त्या दोन दिवसांत मला कळलं की बाहेर जाणारा एकटा जात नाही. त्याच्या हजेरीचे दिवस बदलले की घरातल्या कपाटातल्या पावत्यांचाही अर्थ बदलतो, आणि घरच्यांना तो कोणीतरी त्यांच्या भाषेत सांगावा लागतो.

म्हणून दोस्तहो, जाणार असाल तर लोणच्याच्या बरणीबरोबर एवढं करा. एक साधी वही घाला. तिच्यात कोणत्या तारखेला कुठून कुठे गेलात ते लिहा, दोन्ही बाजूचे शिक्के आणि बोर्डिंग पास जपून ठेवा. व्हिसा बदलला की तारीख लिहा. ८८४३ दरवर्षी भरा, पैसे मिळोत न मिळोत. आपल्याकडच्या ज्या ज्या खात्यावर आपलं नाव आहे त्याची यादी जायच्या आधी आईबाबांबरोबर बसून करा, गेल्यावर फोनवर नको. फीचे पैसे घरून पाठवणार असाल तर वर्षाला १० लाखांवर बँक टीसीएस कापते, एप्रिल २०२५ च्या आधी ही मर्यादा ७ लाख होती. ठरलेल्या वित्तसंस्थेकडून कर्ज काढून पाठवलेल्या फीवर ते नसतं, आणि कापलेलं असेल तर ज्याने पैसे पाठवले त्याच्या रिटर्नमध्ये मागता येतं. जर्मनी, इंग्लंड, ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांनी तिथले नियम वाचा, प्रत्येक देशाची मोजणी निराळी. आणि सीनियरने केलं तसंच डोळे झाकून करू नका. त्याचा व्हिसा, त्याचं वर्ष, त्याचे दिवस तुमचे नसतात. जर्नल कॉपी करता येतं, हे नाही.

मीही जीआरईचा फॉर्म भरलाय. वही आणून ठेवलीय, अजून कोरी आहे. गेल्या दिवाळीत एका एफडीची मुदत संपली तेव्हा आईने ती पुन्हा ठेवली आणि या वेळी दादाच्या खाली माझंही नाव घातलं. मी तिला म्हटलं, "आई, मी गेले आणि नोकरीला लागले की माझ्यासाठीही पुन्हा तोच फॉर्म हं!"

"मग भरायचा," आई म्हणाली आणि पावती निळ्या फाइलमध्ये लावून टाकली.